ड्रॉवरमधल्या वह्या

पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा. फेब्रुवारीत आपण सुप्यात लिहिणाऱ्यांची एक बैठक घेतली. तिच्याबद्दल बऱ्याच जणांनी विचारलं. दोघा-तिघांनी "आम्हाला का नाही बोलावलं" म्हणून फोनवर झापलंही. उलटसुलट चर्चाही कानावर आली. म्हणून जे झालं ते माझ्या चुकांसकट आणि हिशोबासकट एकदाच लिहून टाकतो.

सुरुवात माझ्या टेबलाच्या ड्रॉवरपासून करावी लागेल.

गावाकडच्या वार्ताहराकडे लोक बातम्या घेऊन येतात तशा वह्याही घेऊन येतात. कुणाच्या कविता, कुणाचं आत्मचरित्र, कुणी गावाचा इतिहास लिहिलेला. "सर, जरा नजर टाका. पेपरात बसतंय का बघा." आपण म्हणतो, "ठेवा, बघतो." मग ती वही ड्रॉवरमध्ये जाते. पेपरात जागा नसते हे खरं आहे. रविवारची पुरवणी वरून तयार होऊन येते, आम्ही इथून पाठवायचं ते हायवेवरचे अपघात, कांद्याचे भाव, बिबट्या आणि मान्यवर. पण जागा नाही हे कारण छापायचं झालं. वाचायला जागा लागत नाही. तरी वीस वर्षांत मी त्यातल्या किती वह्या पूर्ण वाचल्या, असं कुणी विचारलं तर मला दुसरीकडे बघावं लागेल.

डिसेंबरमध्ये एक ताई आल्या. शिरूरला दिलेल्या आहेत, माहेर आपल्या भागातलं. म्हणाल्या, "दादा, आमच्या आप्पांची वही तुमच्याकडं आहे ना? वर्षश्राद्धाला फोटोपुढं ठेवायचीय." आप्पा मुंबईत गिरणीत होते. आपल्या पारनेर तालुक्यातली कित्येक घरं गिरण्यांच्या पगारावर चालायची, हे जुन्या लोकांना सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि मग जे गावाकडे परतले त्यातले हे एक. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांनी मला दोनशे पानी वही आणून दिली होती. त्यानंतर एसटी स्टँडवर भेटले की फक्त हसायचे. विचारायचे नाहीत. एकदाही विचारलं नाही.

ताईंनी विचारलं, "कशी वाटली तुम्हाला?"

मी म्हणालो, "छान लिहिलंय."

वही सापडायला अर्धा तास गेला. सगळ्यात खाली होती, कडेनं कसरीनं खाल्लेली, पण अक्षर शाबूत. ताईंना म्हटलं, उद्या घेऊन जा. आणि त्या रात्री वही पहिल्यांदा उघडली. पहाटे तीनला मिटली. संपावर मी खूप वाचलंय, दत्ता सामंतांवर, अडीच लाख कामगारांवर. पण संपात माणूस जेवत कुठं होता, हे मी कुठं वाचलं नव्हतं. आप्पा ज्या खानावळीत जेवायचे त्या बाईंनी महिनोन् महिने पैसे मागितले नाहीत. शेवटच्या पानावर आप्पांनी त्यांचा हिशोब लिहून ठेवलाय, महिन्यावार. खाली बेरीज. बेरजेखाली 'राहिले' एवढाच एक शब्द. बाई वारल्याचं त्यांना फार उशिरा कळलं होतं.

हा माणूस सुप्याच्या स्टँडवर पाच वर्षं माझ्याकडे बघून हसत होता आणि मी "बघतो बघतो" म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी ताईंना खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. त्यानं आणखी वाईट वाटलं.

जानेवारीत साताऱ्याला ९९ वं अखिल भारतीय संमेलन झालं. विश्वास पाटील अध्यक्ष. फेसबुकवर फोटोंचा पाऊस. ते बघून आम्ही चार जण टपरीवर चहा पिताना बोललो की आपणही सुप्यात एखादं छोटं संमेलन घ्यावं. एक निवृत्त गुरुजी, एक माध्यमिकच्या मॅडम, एक एमआयडीसीत क्वालिटीला असलेला कवी आणि मी.

पहिला आराखडा अर्थातच माझा. संमेलनांच्या बातम्या लिहून लिहून माझा हात त्यात बसलेला. ग्रंथदिंडी, दीपप्रज्वलन, स्वागताध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, सत्कार, मग मान्यवरांची मनोगतं, आणि जेवणानंतर निमंत्रितांचं कविसंमेलन. खर्चाचा अंदाज ८५ हजार. त्यात मंडप, साउंड, फ्लेक्स, शाली, सन्मानचिन्हं, पाहुण्यांच्या गाड्या. स्वागताध्यक्ष कोण करायचा यावरच पाऊण तास गेला, कारण जो स्वागताध्यक्ष तो खर्च उचलणार आणि मग फ्लेक्सवर त्याचा फोटो किती मोठा, त्याच्या नेत्याचा किती मोठा, हा हिशोब आला. गुरुजी इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "यात लिहिलेलं वाचणार कोण आणि कधी?"

कविसंमेलनात वाचतीलच की, मी म्हणालो.

"ते ऐकवणं झालं. तेही चार वाजता, पाहुणे गेल्यावर, मंडपवाला खुर्च्या गोळा करत असताना."

हे खोटं नव्हतं. अशा कार्यक्रमांच्या मी जेवढ्या बातम्या दिल्या, त्यातल्या बहुतेक दुपारी दीडलाच लिहून झालेल्या असायच्या. "यावेळी मान्यवर कवींनी बहारदार रचना सादर करून रसिकांची मने जिंकली" हे वाक्य कवी जेवत असतानाच टाईप झालेलं. डिप्लोमाला आम्हाला शिकवलं होतं की घटना घडल्याशिवाय बातमी लिहू नये. ते पहिल्या वर्षातच सुटलं.

त्या आठवड्यात मी जुनं थोडं चाळलं. ११ मे १८७८ ला पुण्यात हिराबागेत न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींनी ग्रंथकारांची सभा भरवली. आजच्या अखिल भारतीय संमेलनाची मोजणी तिथून होते. दुसरी सभा झाली १८८५ ला. तिसरी थेट १९०५ ला, साताऱ्यात. म्हणजे रानड्यांसारख्या माणसाला दुसऱ्या सभेला सात वर्षं लागली आणि पुढची व्हायला आणखी वीस. तेव्हा तर रानडे हयातही नव्हते. दुसऱ्या सभेचं बोलावणं जोतीराव फुल्यांना गेलं, त्यांनी नकाराचं पत्र पाठवलं. ज्यांच्या ग्रंथांत आणि सभांत शेतकऱ्यांचं, शूद्रातिशूद्रांचं दुखणं येत नाही त्यांच्यात मिसळून आम्हाला काय मिळणार, असा त्याचा रोख.

आता एक अवांतर गोष्ट सांगतो, पण ती पुढं लागणार आहे. या सभेच्या तीन वर्षं आधी, १२ मे १८७५ ला, सुपे इथं शेतकऱ्यांनी सावकारांची खतं-रोखे हिसकावून जाळले. दख्खनचे दंगे म्हणतात ते हेच. ते सुपे आपलं नव्हे, बारामतीकडचं. पण लोण आपल्या पारनेर, श्रीगोंदा, नगर, कर्जत तालुक्यांत पोचलंच. तारखा बघा, १२ मे आणि ११ मे. तीन वर्षांना एक दिवस कमी. एकीकडे शेतकरी कागद जाळतोय, कारण त्याच्या अनुभवात लिहिलेला कागद म्हणजे त्याची जमीन नेणारा कागद. आणि पुण्यात लिहिणारे लोक पुस्तकं कशी वाढतील याचा विचार करताहेत. दोघांची गाठ पडायला हवी होती, एवढंच फुले म्हणत होते असं मला वाटतं. यात मी चुकत असेन तर जाणकारांनी सांगावं.

दुसरं उदाहरण औदुंबरचं. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी दत्ताचं ठिकाण. तिथं कवी सुधांशु आणि म. भा. भोसले यांनी १९३९ मध्ये सदानंद साहित्य मंडळ काढलं आणि मकरसंक्रांतीला संमेलन भरायला लागलं. आजही संक्रांत म्हटलं की त्या भागातल्या लोकांना औदुंबरचं संमेलन आठवतं. खेडं छोटं, पण तारीख ठरलेली. सीमाभागात बेळगावजवळ कडोली, उचगाव, येळ्ळूर अशी गावं आहेत. तिथंही गावकरी आपल्या जोरावर संमेलनं भरवतात, ग्रंथदिंडी काढतात, आणि तिथं त्या दिंडीला वेगळा अर्थ आहे. आपल्या नगरात शब्दगंध साहित्यिक परिषद नवोदितांसाठी धडपडते. तेव्हा आम्ही काही पहिले नाही. आणि सुपे-पारनेरला लिहिणं माहीत नाही असंही नाही. पिंपळनेरला निळोबारायांची समाधी आहे. जवळ्याचे रंगनाथ पठारे भौतिकशास्त्र शिकवता शिकवता 'ताम्रपट'सारखी कादंबरी लिहून गेले, १९९९ ला साहित्य अकादमी मिळाली, आणि मराठीला अभिजात दर्जा मागणाऱ्या समितीचे अध्यक्षही तेच होते. जवळे इथून किती लांब आहे ते तुम्हाला माहीत आहे.

तर ठरलं असं. स्टेज नाही. पाहुणे नाहीत. ज्याला यायचं त्यानं पंधरा दिवस आधी स्वतःचं काहीही, जास्तीत जास्त तीन पानं, आणून द्यायचं. सगळ्यांच्या पानांचा गठ्ठा करून प्रत्येकाला एक-एक प्रत द्यायची. घरून वाचून यायचं. बैठकीत ज्याची पाळी त्यानं स्वतः वाचायचं, मग बाकीच्यांनी बोलायचं आणि तोपर्यंत लिहिणाऱ्यानं गप्प बसायचं. खुलासा शेवटी. ही शेवटची अट मॅडमची. त्या म्हणाल्या, आपल्याकडे कविता दोन मिनिटांची आणि ती कशी सुचली हे वीस मिनिटांचं असतं.

२२ जण तयार झाले. सुपा, हंगा, वाळवणे, जातेगाव, नारायणगव्हाण, राळेगणकडून दोघे, नगरहून एसटीनं येणारा एक. किराणा दुकानदार, बचत गटाच्या अध्यक्ष, दोन शिक्षक, चार-पाच कंपनीतले, एक ट्रक ड्रायव्हर, बाकी शेती. आप्पांच्या ताईही. ५८ पानं झाली. २२ प्रती म्हणजे १,२७६ कागद. झेरॉक्सवाल्याचा पोरगा म्हणाला, "सर, निवडणूक आहे का कुठली?"

जागा मंदिराचा सभामंडप. सप्ताहाच्या सतरंज्या मिळाल्या. राहिलं जेवण. आणि इथं मी माती खाल्ली.

आपल्याकडचे एक ठेकेदार आहेत. नाव घेत नाही, ओळखायचा प्रयत्न करू नका, असे बरेच आहेत. कंपन्यांना लेबर पुरवतात, गाड्या लावतात. माझ्या जाहिरातींचा मोठा भाग त्यांच्याकडून येतो. वाढदिवसाची अर्धं पान, दिवाळीची अर्धं पान. बाहेरच्या लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो, तालुक्याच्या खालच्या वार्ताहराला पगार नावाची गोष्ट फारशी नसते. जाहिरातीच्या कमिशनवर घर चालतं. बैठकीचं कळल्यावर त्यांचा फोन आला. "पत्रकार, जेवणाचं आपल्याकडं लागलं. फक्त ते जमीन, कंपनी असलं काही नको बरं का. उगं वातावरण खराब होतं."

मी म्हणालो, "छे छे, साहित्यिक कार्यक्रम आहे."

फोन ठेवला आणि आठवलं की गठ्ठ्यातला अकरा नंबरचा मजकूर नेमका तोच आहे.

लिहिणारा तिशीच्या आतला पोरगा. घरची जमीन एमआयडीसीच्या संपादनात गेली. बत्तीस-दोनची नोटीस आली तेव्हा तो शाळेत होता. आता त्याच भागातल्या एका कंपनीच्या गेटवर कंत्राटी सिक्युरिटीत आहे, बारा तास ड्युटी. त्यानं लिहिलेलं कविता आहे की लेख ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सातबारासारखं लिहिलंय. गट नंबर, क्षेत्र, लागवडीखालचं, पोटखराबा, इतर हक्क. प्रत्येक रकान्यात तलाठ्यानं लिहावं तसं एक-एक वाक्य. विहिरीच्या रकान्यात संयुक्त मोजणीत विहिरीची किंमत किती धरली ते, आणि जेसीबीनं मुरूम टाकून ती बुजवायला किती दिवस लागले ते. कुणाला शिवी नाही, कंपनीचं नाव नाही, घोषणा नाही. म्हणूनच ते जास्त टोचत होतं.

मी त्याला फोन लावला. म्हटलं, "अरे, तुझं दुसरं काही आहे का? ती पावसाची कविता होती बघ. ती वाच त्या दिवशी. हे जरा... वेगळं पडतंय." त्यानं कारण विचारलं नाही. तीन-चार सेकंद काही बोलला नाही. मग म्हणाला, "बरं सर."

ते "बरं सर" जेवढ्या लवकर आलं, त्यावरून कळलं की त्याला त्याची सवय आहे. गेटवर दिवसभर तेच म्हणत असणार.

आता विचित्र भाग सांगतो. गठ्ठे वाटून चार दिवस झाले होते. अकरा नंबरची पानं २२ घरांत पोचलेली होती. त्यानं बैठकीत वाचलं नाही म्हणून काय फरक पडणार होता? हे मला त्या वेळी सुचलंच नाही, कारण ते लोक गठ्ठा वाचतील असं मला मनातून वाटतच नव्हतं. ५८ पानं कोण वाचतो! ज्यानं आख्खं आयुष्य छापण्याच्या धंद्यात काढलं त्याचा हा विश्वास. मी वाचत नव्हतो, म्हणून कुणीच वाचत नसणार.

रविवारी नऊला बैठक सुरू झाली. दीपप्रज्वलन नाही केलं तर दोघांना चुकल्यासारखं झालं, मग गुरुजींनी देवापुढच्या समईत तेल घातलं आणि तेवढ्यावर भागलं. पहिल्यांदा आप्पांच्या ताईंनी वहीतली दोन पानं वाचली, खानावळीची. वाचताना त्यांचा आवाज दोनदा अडकला. त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ट्रक ड्रायव्हर म्हणाले, "त्या बाईंचं नाव कुठं लिहिलेलं नाही." खरंच नव्हतं. दोनशे पानांत 'खानावळवाल्या बाई' एवढंच. ताई म्हणाल्या, आईला विचारून बघते.

आठ-नऊ जणांचं होता होता साडेअकरा झाले. सगळंच चांगलं होतं असं म्हणणार नाही. आईवरच्या कविता पाच होत्या आणि पाचहीमध्ये आई चुलीपाशी. बचत गटाच्या ताईंनी विचारलं, "तुमच्यापैकी कुणाच्या घरी आता चूल आहे?" हशा झाला, पण एक जण खट्टू झाला तो झालाच. तो मार्चच्या बैठकीला आला नाही. त्याला फोन करायचा राहिलाय.

मग अकरा नंबर. पोरगा नाईट शिफ्ट करून आंघोळ करून थेट आलेला. म्हणाला, "माझं नाही आज. पुढचं घ्या."

मी लगेच, "बरं, बारा नंबर..."

तेवढ्यात हंग्याच्या एक मावशी आहेत, साठीच्या पुढच्या, सातवी शिकलेल्या, त्यांनी गठ्ठा वर केला. पानं दुमडलेली, कडेला पेनाच्या खुणा. "नाही कसं? हे काय. मी दोनदा वाचलं. सुनेला पण वाचून दाखवलं. मला याला विचारायचंय, विहिरीची किंमत लिहिलीस बाबा, पण विहीर किती परस होती ते लिहिलं नाहीस. आन् पाणी कधी लागलं?"

पोरानं माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच माझ्याकडे बघितलं, का ते त्यांना कळत नव्हतं. मला तिथंच सांगता आलं असतं की मीच याला नको म्हटलं होतं. नाही सांगितलं. फक्त म्हणालो, "वाच."

त्यानं वाचलं. बोलणं चाळीस मिनिटं चाललं, घड्याळ लावून ठेवलेल्या मॅडमही विसरल्या. सात परस होती. आज्यानं आणि चुलत आज्यानं खणलेली, सुरुंग लावून, त्यात चुलत आज्याचं एक बोट गेलं. पाणी लागलं तेव्हा आजी बाजरीच्या रानात होती आणि तिनं ओरडण्यावरून ओळखलं. हे त्यानं लिहिलंच नव्हतं. त्याला वाटलं होतं, हे घरातलं आहे, हे काय लिहायचं. मावशी म्हणाल्या, "मग सरकारनं धरली त्यात आन् तू धरलीस त्यात फरक काय राहिला?" मी माझ्या आयुष्यात कुठल्या संपादकाकडून याच्यापेक्षा नेमकी दुरुस्ती ऐकलेली नाही.

एक गोष्ट मुद्दाम लिहितो, कारण चर्चा एकतर्फी झाली असा आरोप माझ्या कानावर आलाय. बीडकडचा एक मुलगा होता, इथल्या कंपनीत मशीनवर आहे, खोली करून राहतो. तो म्हणाला, "मला हे वाचून वाईट वाटलं. पण मी त्याच जमिनीवर कामाला आहे. ही नोकरी लागली म्हणून बहिणीचं लग्न झालं, घरच्यांचा ऊसतोडीचा कोयता सुटला. माझं मी लिहिलं तर इथं चालेल का?" अकरा नंबरवाला पोरगाच म्हणाला, "लिही की. मला पण वाचायचंय." हे दोघं एकाच गेटमधून रोज आत-बाहेर करतात. तोवर बोललेले नव्हते.

जेवायला आमटी-भाकरी होती. तीच, ठेकेदारांच्या पैशाची. जेवणानंतर मी सगळ्यांना सांगितलं, फोन काय आला होता आणि मी काय केलं ते. गुरुजींनी तोंड फिरवलं. मावशी म्हणाल्या, "आमटी तर गोड लागली, आता काय करायचं." पोरगा काही बोलला नाही. निघताना मात्र माझ्या गाडीपाशी थांबला आणि म्हणाला, "सर, परसाचं घालून परत लिहून आणू का?" माफ केलं का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. लिहून आणू का हे विचारतोय, तेवढं मी धरून ठेवलंय.

हिशोब: झेरॉक्स १,२७६. जेवण, आचाऱ्यासह, २,६००. दोन वेळचा चहा ४८०. मंदिराला ५०१. एकूण ४,८५७ रुपये. प्रत्येकी १०० प्रमाणे जमा २,२००. बाकी २,६५७ मी घातले. जेवणाचे ठेकेदारांनी आचाऱ्याला परस्पर दिलेले २,६०० मी त्यांना दुसऱ्या दिवशी फोन-पेवर परत पाठवले आणि मेसेज केला की तो मजकूर वाचला गेला, तुमचे पैसे ठेवणं बरोबर नाही. त्यांनी फक्त अंगठा पाठवला. त्यांचा वाढदिवस मे महिन्यात असतो. अर्धं पान येतंय का, तेव्हा कळेल. घरी बायकोनं अजून काही विचारलेलं नाही, पण तिनंही ती पोस्ट वाचली तर कळेलच, म्हणून आज संध्याकाळी आधी सांगणार आहे.

८५ हजारांचं ४,८५७ वर आलं, याचं काही जणांनी कौतुक केलं. त्यात फार काही नाही. स्टेज काढलं की खर्च संपतो.

मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुन्हा बसलो. नऊ जण आले. वाटाघाटी, लग्नं, कांदा काढणी, शिफ्टा, सगळं असतं. थोडा हिरमुसलो होतो, पण रानड्यांना दुसऱ्या सभेला सात वर्षं लागली, आपल्याला चार आठवडे, असं म्हणून गुरुजींनी हसवलं. त्या नऊ जणांत बीडचा मुलगा होता, दोन पानं घेऊन. अकरा नंबरवाल्यानं नवीन मसुदा आणला होता. आता त्यात रकाने मोडलेत, आजीचं ओरडणं आलंय, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा थोडं ढिलं झालंय. मी ते त्याला सांगितलं. मावशींना मात्र हेच आवडलं. आमचं अजून मिटलेलं नाही.

आप्पांच्या ताईंचा परवा फोन होता. आईला त्या खानावळवाल्या बाईंचं नाव आठवलं. नाव इथं देत नाही, कारण त्यांच्या घरचं कुणी असेल तर आधी शोधायचंय. ते झाल्यावर वही टाईप करायला घ्यायची आहे. ज्याला मराठी टायपिंग येतं आणि रोज तासभर देता येईल त्यानं मेसेज करा. पैसे नाहीत.

माझ्या ड्रॉवरमध्ये अजून चौदा वह्या आहेत. ज्यांनी मला कधी वही दिली असेल आणि मी "बघतो" म्हणालो असेन, त्यांनी कमेंटमध्ये नको, सरळ फोन करा. पाच वाचून झाल्यात, नवव्या महिन्यापर्यंत सगळ्या परत करतो, वाचून.

पुढची बैठक एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी नऊला, तिथंच. आठ दिवस आधी जास्तीत जास्त तीन पानं झेरॉक्सच्या दुकानात माझ्या नावानं ठेवा. ऊन वाढलंय, पाण्याची बाटली आणा. जेवणाचा डबा ज्याचा त्यानं आणायचा.